राणी डीमध्ये कुठे उभी असायची

भारताच्या महिला हॉकी टीमची कॅप्टन राहिलेली राणी रामपाल रिटायर झाली त्याला आता बरेच दिवस झाले, 24 ऑक्टोबर 2024 ला दिल्लीत तिनं सांगितलं, आणि तेव्हापासून मला तिच्यावर लिहायचंय. पण दर वेळी थोडं लिहून झालं की मी थांबते कारण माझ्याकडूनही तेच लिहिलं जातं जे सगळ्यांनी लिहिलंय. शाहाबाद मारकंडा, हरियाणातलं छोटं गाव, वडील गाडा ओढायचे, घरात घड्याळ नव्हतं म्हणून आई आकाशातले तारे बघून पहाटे उठवायची, अकॅडमीत रोज अर्धा लिटर दूध घेऊन यायला सांगितलं होतं आणि घरी परवडायचं त्याच्या निम्म्याहून कमी म्हणून ती त्यात पाणी मिसळून न्यायची. हे सगळं तिनं स्वतः सांगितलंय आणि ते वाचताना माझा घसा दाटून येतोच, आजही. आमच्या फॅमिली ग्रुपवर ही दुधाची गोष्ट वर्षातून दोनदा तरी फिरते आणि खाली सगळे हात जोडतात.

पण मला कुणीतरी हे सांगावं असं फार वाटतं की ही बाई खेळायची कशी. 254 इंटरनॅशनल मॅचेस. त्यातल्या एका मॅचबद्दल, एका गोलबद्दल, एका पासबद्दल आमच्या ग्रुपवर कधी कुणी काही बोललेलं मला आठवत नाही. सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह कसा होता हे माझ्या आत्यालासुद्धा हातवारे करून दाखवता येतं आणि राणी म्हटलं की फक्त दूध. मला हे लागतं. म्हणून आज दूध इथेच ठेवते आणि खेळाबद्दल लिहिते.

मी खडकीची. बाबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, आणि खडकीत वाढलेल्या माणसाला हॉकी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही, धनराज पिल्ले आमच्याच इथला, त्याला लहानपणी इथल्या मातीवर खेळताना पाहिलेली माणसं आमच्या लहानपणी चहाच्या टपरीवर भेटायची आणि तो कसा पळायचा हे सांगताना चहा थंड करून टाकायची. मुलींचं मात्र कुणी काही सांगत नसे. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये बायकांचं हॉकी पहिल्यांदा आलं आणि भारतानं त्यात गोल्ड घेतलं, त्या टीमची कॅप्टन एलायझा नेल्सन, आणि ती जन्मानं पुण्याची, हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. त्याच एशियाडमध्ये पुरुषांची फायनल पाकिस्तानकडून 7-1 नं गेली, ती हार खडकीत पोराटोरांना तोंडपाठ होती. जिंकलेलं गोल्ड कुणाला माहीत नव्हतं. आता आठवलं की अजून वाईट वाटतं, मला त्या वयात ते नाव कळलं असतं तर किती जोर आला असता.

शाळेत मी तीन वर्षं खेळले, राइट इन, म्हणजे पुढे राहून गोल मारणाऱ्या फॉरवर्डमधली उजव्या अंगाची. मुरमाचं ग्राउंड, बॉल कुठे उसळेल त्याचा नेम नाही, गुडघे कायम सोललेले. आमचे सर मला एकच गोष्ट सांगायचे, बॉलच्या मागे पळू नको, बॉल जिथे येणार तिथे जाऊन थांब. हॉकीत गोल मारायचा तर शॉट त्या अर्धगोलाच्या आतूनच लागतो, त्यालाच डी म्हणतात, बाहेरून कितीही जोरात मारून बॉल थेट जाळीत गेला तरी तो गोल नाही. म्हणजे फॉरवर्डचं सगळं आयुष्य त्या साडेचौदा मीटरच्या आत जातं आणि तिथे डिफेंडर, गोलकीपर, स्टिका, पाय सगळी गर्दी असते, तुम्हाला बॉल मिळतो तो अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही विचार करायला लागलात तर बॉल गेला. विचार आधी करून ठेवायचा असतो, तोही पायांनी, म्हणजे कुठे उभं राहायचं, कुठल्या अंगाला वळून उभं राहायचं. मला हे डोक्याला कळायचं, अंगाला कळायला लागलं होतं तेवढ्यात नववीत शाळेनं मुलींचं हॉकी बंद केलं. ग्राउंड मुलांच्या क्रिकेटला दिलं. आम्ही अकरा जणी ऑफिसबाहेर उभ्या राहिलो होतो विचारायला, आत कुणी घेतलंच नाही. माझी स्टिक अजून आईकडे माळ्यावर आहे, ग्रिप पार चिकट झालीय.

तर हे डोक्यात ठेवून राणीकडे बघा.

ती भारताकडून पहिल्यांदा खेळली ती वयाच्या चौदाव्या वर्षी, 2008 मध्ये. 2010 चा वर्ल्ड कप अर्जेंटिनात रोझारिओला होता, तेव्हा ती पंधराची, टीममधली सगळ्यात लहान, आणि तिनं तिथे 7 गोल मारले. भारत नववा आला आणि स्पर्धेतली बेस्ट यंग प्लेअर मात्र आमची. मला तेव्हा पेपरात कोपऱ्यातली चार ओळींची बातमी मिळाली होती, मॅच बघायचा तर प्रश्नच नव्हता. नंतर इंटरनेटवर तुकडे तुकडे मिळाले ते मी किती वेळा पाहिले असतील. अंगानं ती तेव्हा अगदी काडी, समोरच्या युरोपातल्या डिफेंडर तिच्याहून वीतभर उंच, पण ती त्यांच्याशी धक्काबुक्कीत जातच नाही. ती त्यांच्या मागच्या खांद्यापाशी उभी राहते, जिथून डिफेंडरला एकाच वेळी बॉल आणि राणी दोन्ही दिसत नाहीत. बॉल आला की एक पाऊल पुढे. एकच. तेवढ्यानं काम होतं. पंधरा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं असेल असं मला वाटायचं, त्याचं उत्तर शाहाबादच्या बलदेव सिंग सरांकडे आहे, त्यांच्या हाताखालून रितू राणी, नवज्योत कौर, नवनीत कौर अशा किती जणी इंडियाला गेल्या. पहाटेची प्रॅक्टिस, उशीर झाला तर खैर नाही अशी त्यांची ख्याती. एका तालुक्याच्या गावातून एवढ्या मुली निघतात म्हणजे ते काही नुसतं नशीब नाही, तिथे रोज कुणीतरी ग्राउंडवर उभं आहे.

2013 ला ज्युनियर वर्ल्ड कप, जर्मनीत मोन्शेनग्लाडबाखला. ब्राँझसाठी इंग्लंडशी मॅच, शूटआउटपर्यंत गेली आणि आपण जिंकलो, ज्युनियर मुलींचं वर्ल्ड कपमधलं पहिलं मेडल, आणि प्लेअर ऑफ द टूर्नामेंट पुन्हा राणीच. मग रिओ 2016. मॉस्को 1980 नंतर तब्बल 36 वर्षांनी भारताच्या बायका ऑलिंपिकला गेल्या. तिथे आपण बाराच्या बारावे आलो, शेवटचे. जपानशी 2-2 बरोबरी केली त्यात एक गोल राणीचा होता, एक लिलिमा मिंझचा, बाकी सगळं वाईट गेलं. त्या वेळी माझ्या ऑफिसात एकानं म्हटलं, जातात कशाला मग. मी त्याच्याशी भांडले होते आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. साधारण रिओनंतर राणीचा खेळ बदलत गेला आणि हे फार कमी खेळाडूंना जमतं. लहानपणी जी गोलपाशी टपून बसायची ती हळूहळू मागे यायला लागली, मिडफिल्डपर्यंत, बॉल घ्यायला, आणि तिथून इतरांना देऊ लागली. ज्याला गोल मारायची सवय आहे त्याला हे सोपं नसतं हो. गोल मारला की नाव येतं, पास दिला की नाव येत नाही. आणि तिचा पास बघा, ती बॉल माणसाला देत नाही, माणूस जिथे पोचणार आहे तिथे देते, म्हणजे आधी जी ओळख तिला स्वतःच्या जागेची होती तीच आता चौघींच्या जागेची झाली. वंदना कटारिया पळतेय, राणीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि बॉल वंदनाच्या स्टिकवर. हे मी टीव्हीसमोर बसून ओरडून ओरडून नवऱ्याला दाखवलंय, त्याला हॉकीतलं काही कळत नव्हतं, आता थोडं कळतं. 2018 ला ती कॅप्टन, लंडनच्या वर्ल्ड कपला क्वार्टर फायनल, आयर्लंडकडून शूटआउटमध्ये गेलो, मग जकार्ता एशियाडला सिल्व्हर आणि क्लोजिंगला तिरंगा तिच्या हातात.

आणि मग 2 नोव्हेंबर 2019. ही तारीख मी विसरणार नाही. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, आईकडे होते, डब्यात तळाशी चिवड्याचा चुरा उरलेला आणि आम्ही तोच खात होतो. टोकियो ऑलिंपिकची क्वालिफायर, भुवनेश्वरला, अमेरिकेशी दोन मॅचेस आणि दोन्हींचे गोल मिळून हिशोब. आदल्या दिवशी आपण 5-1 जिंकलो होतो म्हणजे चार गोलांची आघाडी, मी निवांत. आणि दुसऱ्या मॅचच्या हाफटाइमला अमेरिका 4-0. म्हणजे हिशोब 5-5. कलिंगा स्टेडियममध्ये सगळे गप्प. आई म्हणाली, अगं जिंकलो होतो ना आपण काल, आणि मला तिला समजावून सांगायचंही भान नव्हतं. तिसरं क्वार्टर तसंच गेलं, कुणाचा गोल नाही. चौथं सुरू झालं, 48 वं मिनिट, डीमध्ये गर्दीतून बॉल मोकळा पडला आणि राणी तिथे होती. होती म्हणजे आली नाही, होतीच. तिनं मारला. जाळी हलली. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या काय झालं म्हणून.

तो गोल मी नंतर बॉलकडे न बघता पाहिला. तुम्हीही बघा एकदा तसं. बाकी सगळ्या बॉलकडे खेचल्या जातायत आणि ती तिथे आहे जिथे बॉल आला तर एका फटक्याचं काम आहे, पाय रोवलेले, स्टिक खाली. आमचे सर जे मुरमाच्या ग्राउंडवर घसा फोडून सांगायचे ते तिथे दिसत होतं. तो एक गोल नसता तर टोकियोचं तिकीटही त्या रात्री हातातून जाऊ शकलं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं. 6-5.

टोकियोचं सगळ्यांना माहितीय म्हणून थोडक्यात. पहिल्या तीन मॅचेस हरलो, नेदरलँड्सकडून 5-1, त्यातला आपला एक राणीचा. मग आयर्लंडला 1-0, दक्षिण आफ्रिकेला 4-3, वंदनाची हॅटट्रिक, आणि त्या रात्री ग्रेट ब्रिटन आयर्लंडला हरवतंय का याची वाट बघत बसलो, कारण तरच आपण क्वार्टर फायनलला जाणार होतो. गेलो. 2 ऑगस्टला सोमवारी सकाळी क्वार्टर फायनल, समोर ऑस्ट्रेलिया. वर्क फ्रॉम होम होतं, साडेआठला मॅच, मी लॅपटॉप उघडून कॅमेरा बंद ठेवून बसले होते आणि गुरजीत कौरचा पेनल्टी कॉर्नर आत गेला तेव्हा माइक चालू होता. ऑफिसच्या टीममधल्या सगळ्यांनी ऐकलं, मग तिघंचौघं मॅच लावून बसले. त्यानंतर सविता पुनियानं गोलमध्ये जे केलं त्याला भिंत वगैरे म्हणतात, मला ती भिंतीपेक्षा फार जिवंत वाटली, पायानं, ग्लोव्हनं, पडून, उठून. 1-0. सेमीला अर्जेंटिना, 2-1 नं गेली. ब्राँझची मॅच 6 ऑगस्ट, सकाळी सातला, ग्रेट ब्रिटन दोन गोल पुढे, मग चारपाच मिनिटांत आपण तीन मारून 3-2, आणि शेवटी 4-3 त्यांनी नेली. चौथे. मॉस्कोलाही चौथेच होतो, पण तेव्हा सहाच टीम होत्या, आता बारा आणि त्यातून वर आलेलं. शिट्टी वाजल्यावर पोरी टर्फवरच बसल्या, रडत होत्या, इकडे मी पण रडतच होते, हातातला कप तसाच, चहावर साय आलेली.

यापुढचं कुणी लिहीत नाही, ते मला लिहायचंय. टोकियोनंतर राणीचा हॅमस्ट्रिंग दुखावला. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचा स्नायू, आणि हॉकीत तुम्ही कायम वाकून पळता, खाली बघत, एकदम थांबता, एकदम निघता, सगळा ताण तिथेच येतो, तो एकदा गेला की परत तसाच येईल याचा भरवसा नसतो. 2022 च्या आशिया कपला ती नव्हती, कॅप्टनशिप सवितानं सांभाळली. जूनमध्ये प्रो लीगला परत आली, 250 वी मॅच झाली, आणि जुलैच्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये नाव नाही. 2023 च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या टूरवर परत आली, गोलही मारले. हांगझोऊ एशियाडला नाही. वयाची अठ्ठावीस वर्षं. ऑगस्ट 2023 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींची कोच म्हणून तिचं नाव आलं तेव्हा मला समजेना की आनंद मानावा का वाईट वाटून घ्यावं, अजून खेळायची भूक असलेल्या माणसाच्या हातात शिट्टी दिली की कसं वाटत असेल. पण तिनं ती घेतली. रायबरेलीला स्टेडियमला तिचं नाव दिलं गेलं, हॉकी खेळणाऱ्या बाईचं नाव स्टेडियमला पहिल्यांदाच. हे मोठंच आहे. तरी मला वाटतं टर्फला नाव देण्याआधी तिला त्या टर्फवर अजून दोन वर्षं मिळायला हवी होती.

निरोपाचा कार्यक्रम झाला तो पुरुषांच्या भारत-जर्मनी मॅचनंतर. 28 नंबरची जर्सी आता दुसऱ्या कुणाला देणार नाहीत असं जाहीर झालं, सन्मान चांगला केला, मी सगळा पाहिला. पण 254 मॅचेस खेळलेल्या बाईचा निरोप तिच्या स्वतःच्या मॅचनंतर व्हायला हवा होता, घामानं भिजलेल्या जर्सीत, हातात स्टिक असताना. ती त्या दिवशी नीटनेटक्या कपड्यांत उभी होती आणि मला सारखं वाटत होतं हिला कुणीतरी पंधरा मिनिटं, एक क्वार्टर फक्त, खेळू द्या.

तो कार्यक्रम मी बघितला तेव्हा माझी भाची शेजारी होती. ताईची मुलगी, तेरा वर्षांची, दापोडीला राहतात. गेल्या वर्षापासून नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियमवर खेळायला जाते. मार्च 2024 ला तिथेच सीनियर मुलींची नॅशनल झाली, फायनलला हरियाणानं महाराष्ट्राला हरवलं, ती मॅच तिनं बघितली आणि तिथून हे सुरू झालं. खरं तर महाराष्ट्राच्या मुली फायनलला पोचल्या हेच मला केवढं वाटलं. आता आपल्याकडेही वाट दिसायला लागलीय, फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके क्रीडा प्रबोधिनीतून बालेवाडीला शिकून इंडियाला खेळली, हांगझोऊचं ब्राँझ घेऊन आली, फलटणच्याच ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे आहेत. शेतकऱ्यांच्या मुली. माझ्या शाळेत 1998 ला यातलं एकही नाव सांगता आलं नसतं.

रविवारी मी भाचीला घेऊन जाते. दापोडीहून पहिली मेट्रो, संत तुकाराम नगरला उतरायचं, पुढे रिक्षा. तिची स्टिकची बॅग तिच्याहून उंच, सरकत्या जिन्यावर ती आडवी होते आणि मागच्यांना लागते, रोज सॉरी म्हणावं लागतं. खेळायच्या आधी टर्फवर पाणी मारतात, सकाळच्या उन्हात ते चमकतं, आणि ओल्या टर्फवर बॉल सरकताना जो बारीक सरसर आवाज येतो ना तो मी शाळेत कधी ऐकलाच नव्हता, आमच्या मुरमावर नुसती खडखड. पहिल्या दिवशी मी त्या आवाजासाठी कडेला जाऊन उकिडवी बसले होते.

दोन रविवारांपूर्वी मेट्रोत मी तिला तो अमेरिकेविरुद्धचा गोल दाखवला. काही सांगितलं नाही, नुसता लावून दिला. तिनं पाहिला, म्हणाली भारी, मग फोन माझ्या हातातून घेतला आणि मागे नेला. परत मागे नेला. तिसऱ्यांदा बॉल डीमध्ये यायच्या आधी थांबवला आणि बोटानं दाखवलं.

"मावशी, ही बघ, ही आधीच वळून उभीय."

त्या दिवशी प्रॅक्टिस मॅचला ती डीमध्ये जाऊन उभी राहिली. चुकीच्या बाजूला, आणि फार लवकर, डिफेंडरनं सहज झाकली तिला. बॉल आलाच नाही. हाफटाइमला पाणी प्यायला आली, बाटली तोंडाला लावून सगळा वेळ गोलकडे बघत होती, आणि परत जाताना तिथे न जाता दोन पावलं डावीकडे जाऊन उभी राहिली.